गुरुवारचं घर

डोळे उघडायची घाई करू नका. आधी वास घ्या. शेणानं सारवलेली ओलसर जमीन, रात्रभर जळून विझलेल्या घासलेटच्या दिव्याची काजळी आणि भिंतीपलीकडच्या चुलीत नुकत्याच पेटलेल्या गोवऱ्यांचा धूर. आता डोक्यावरून हात फिरवा. केस गेले! मागे शेंडीचा तेवढा झुबका राहिलाय. अंगात बाराबंदी, कमरेला दोनदा दंड घातलेलं धोतर, अंगावर घोंगडी. उशाशी चाचपडू नका, मोबाइल नाही. एक जाडजूड पुस्तक मात्र आहे, पुठ्ठा निखळलेलं, दोऱ्यानं बांधलेलं. ते इंडियन पीनल कोड. १८९४ सालची थंडी आहे, गाव पुणे, पेठ सदाशिव, आणि तुम्ही वकिलीच्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी आहात.

खोलीत तुम्ही तिघं. एक कोकणातला, घाट पायी चढून आलेला. दुसरा साताऱ्याकडचा, मामलेदार कचेरीत दोन वर्षं बिनपगारी उमेदवारी करून कंटाळलेला. तो अजून घोरतोय. कोकणातला उठून बसलाय आणि डोळे मिटून पुटपुटतोय. संध्या करतोय असं वाटेल, पण नीट ऐका. ‘ए’नं कुत्र्याला आवडेलसं काहीतरी खिशात ठेवलं, ‘झेड’चा कुत्रा त्याच्यामागून चालू लागला, तर चोरी केव्हा झाली? कुत्रा मागे यायला लागला त्या क्षणी. कलम ३७८. ‘ए’ला भर रस्त्यात कुणाच्याच ताब्यात नसलेली अंगठी सापडली आणि त्यानं उचलली, तर? चोरी नाही, अपहाराचा गुन्हा मात्र होऊ शकतो. तेच कलम. हे ‘ए’ आणि ‘झेड’ तुमच्याबरोबर जेवतात, झोपतात, हौदावर अंघोळीला येतात.

चला हौदावर. कात्रजच्या तलावातून आलेलं पाणी दगडी हौदात साठलंय. पहिला तांब्या अंगावर पडला की श्वास छातीतच अडकतो. घागरी दगडावर आपटतायत, कुणी स्तोत्र म्हणतंय, कुणी भांडतंय. अंग शहारलं की भूक लागते, आणि भूक लागली की आठवतं, आज गुरुवार.

तुमचं जेवण वारांवर आहे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे वार लावून घेतलेत. गुरुवारचं घर गेल्या महिन्यात बदली होऊन मुंबईला गेलं. नवं मिळेपर्यंत गुरुवार कोरडा. झोळी घेऊन माधुकरी मागायला हरकत नाही, पुष्कळ मुलं मागतात. पण मॅट्रिक होऊन दोन वर्षं झालेल्या, मिसरूड फुटलेल्या तुम्हाला आता दाराशी उभं राहवत नाही. तेव्हा मूठभर फुटाणे आणि वर तांब्याभर पाणी.

दिवसभर कोर्टाच्या आवारात काम आहे. तुमचं मोडी अक्षर सुरेख आहे, म्हणून एका अर्जनवीसाशेजारी बसून तुम्ही नकला करता. पानामागे चार पैसे सुटतात. झाडाखाली चटई, पुढ्यात दौत, बोरू, शाई टिपायला वाळूची डबी. दहा वाजेपर्यंत आवार भरून जातं. सोडलेल्या बैलांच्या घंटा, शेण, तंबाखू, घामट घोंगड्या, नव्या कोऱ्या स्टँपाच्या कागदाचा वास. काळे कोट घातलेले, पगडी सावरत चालणारे वकील, त्यांच्यामागे बस्त्यांचं ओझं घेतलेले कारकून आणि कारकुनांच्या मागे हात जोडून धावणारे पक्षकार. पट्टेवाला दारात येऊन नाव पुकारतो तेव्हा सगळं आवार क्षणभर गप्प होतं. मग ज्याचं नाव नाही तो पुन्हा बोलू लागतो.

एक शेतकरी तुमच्यासमोर उकिडवा बसतो. सावकाराचं खत आहे, वाचून दाखवा म्हणतो. तुम्ही वाचता. त्यानं अंगठा उठवला तेव्हा त्याला जे सांगितलं होतं आणि कागदावर जे लिहिलंय, ते एक नाही. तो रागावत नाही, मान हलवतो. त्याला ठाऊक होतंच, फक्त अक्षरं ऐकायची होती. मग धडप्यातून भाकरी काढून मोडतो, वर कांदा ठेवतो आणि अर्धी तुमच्यापुढे करतो. ‘घ्या मास्तर, सकाळपासनं लिवताय.’

ज्वारीच्या भाकरीचा तो वास तुमच्या पोटात कळ उठवतो. तुमचा आजचा हात केव्हाच पुढे गेला असता. या अंगातला जात नाही. त्याला लहानपणापासून कुणाच्या हातचं घ्यायचं आणि कुणाच्या हातचं नाही, हे कलम ३७८ च्या आधीपासून पाठ आहे. तुम्ही ‘आज उपास आहे’ म्हणता. शेतकरी हसून भाकरी मागे घेतो. असले उपास त्यानं पुष्कळ पाहिलेत. या दिवसात मला सगळ्यात जास्त बोचतं ते हेच. उपाशी पोरगा, कायदा शिकणारा, माणसाला त्याचं खत खरं काय आहे ते सांगू शकणारा, आणि त्याच माणसाची अर्धी भाकरी त्याला घेता येत नाही.

दिवेलागणीला पाय विंचूरकर वाड्याकडे वळतात. दिंडी दरवाज्यातून वाकून आत शिरा, जोडे ओळीत काढा. नीट ठेवा, परत जाताना अंधारात हेच शोधायचे आहेत. आत जाजम अंथरलंय. गुडघ्याला गुडघा लावून बसलेली मुलं, मुलं कसली, कुणाला दोन लेकरं आहेत, कुणी शाळामास्तर, कुणी कारकून. दिव्याभोवती चिलटं. खोबरेल तेल, ओलं सुती उपरणं, शाई असा मिळून एक दाट वास. आणि त्यावर अडकित्त्याचा आवाज. कट्, कट्.

बळवंतराव आले. तुम्ही आज ‘लोकमान्य’ म्हणता, इथे कुणी म्हणत नाही. अडतीस वर्षांचे, दाट मिशांचे, सुपारी चघळणारे लॉ-क्लासचे मास्तर. स्वतः १८७९ साली एलएल.बी. झाले, पण वकिली केली नाही. शाळा काढली, कॉलेजात शिकवलं, १८९० मध्ये तिथून बाहेर पडले, आणि आता केसरीच्या जोडीला घरखर्चासाठी हा क्लास चालवतात. मुंबई इलाख्यात असा क्लास हा पहिलाच. एलएल.बी. व्हायचं तर मुंबईला राहायला हवं, आधी पदवी हवी, म्हणजे पैसे हवेत. हायकोर्ट प्लीडर आणि डिस्ट्रिक्ट प्लीडर या परीक्षांची वाट त्याहून अरुंद आणि स्वस्त. वारावर जेवणारा पोरगा याच वाटेनं सनदेपर्यंत पोहोचू शकतो, म्हणून तर जाजमावर पाय ठेवायला जागा नाही. मागच्याच वर्षी रानडे हायकोर्टाचे जज्ज झाले. इथल्या प्रत्येकाच्या मनात ती खुर्ची कुठेतरी आहे, पण विचारलंत तर सांगतील, तालुक्याचं कोर्ट पुरे, पावसात न गळणारं घर पुरे, आईच्या गहाण पाटल्या सुटल्या म्हणजे पुरे.

शिकवणं कसं आहे? गोड अजिबात नाही. गणित शिकवताना आकडेमोड फळ्यावर न करता तोंडीच करत, अशी त्यांची ख्याती, आणि इथेही तेच. पायऱ्या ते मनात चढतात. तुम्ही धापा टाकत मागून यायचं. आज हिंदू लॉ. एकत्र कुटुंब. मिताक्षरा काय म्हणते, मयूख कुठे वेगळं सांगतो, आणि आपल्या इलाख्यात गुजराथ, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूखाला मान का जास्त. साताऱ्याचा पेंगतोय, त्याला ढोसा. आता महत्त्वाचं येतंय: भाऊ वेगळे झालेले नसताना एकजण मेला, मुलगा नाही. त्याच्या विधवेला काय? वाटा नाही. तिला अन्नवस्त्र. पण कशातून? मिळकत वडिलोपार्जित असेल तर तिचा हक्क त्या मिळकतीवर आहे. दिरानं सगळी स्वकष्टानं मिळवलेली असेल, तर कोर्टात तिचा हात रिकामा राहू शकतो. म्हणून वकिलानं आधी विचारायचा प्रश्न एकच: ही जमीन मुळात कुणाची? तुमचा बोरू धावतो, कागद संपतो, उरलेलं तळहातावर लिहिता.

पुढचा दत्तकाचा भाग ते अधिक रंगून सांगतात. तुम्हाला पुढचं ठाऊक आहे. एका दत्तकाच्याच प्रकरणात हा माणूस वर्षानुवर्षं अडकणार आहे, प्रिव्ही कौन्सिलचा निकाल त्याच्या बाजूनं लागायला १९१५ साल उजाडणार आहे. ओठ घट्ट मिटून घ्या. भविष्य सांगायला तुम्ही आलेला नाहीत.

जरा मान वळवून जाजमाकडे पाहा मात्र. किती एकसारखी डोकी! बाई एकही नाही. याच गावात, कॅम्पात, सोराबजींचं घर आहे. त्यांची कॉर्नेलिया १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा देऊन आली आहे. या खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त कायदा तिनं वाचलाय, आणि सनद मात्र तिला इतक्यात मिळणार नाही. बायकांसाठी ते दार कायद्यानं उघडेल १९२३ साली. आणि त्याच साली मुंबई हायकोर्टात एक बॅरिस्टर सनद घेतील, फीचे पैसे मित्रानं दिलेले असतील. ते बॅरिस्टर आज तीन वर्षांचे आहेत, सकपाळांच्या घरातलं सर्वांत धाकटं मूल. पुढे त्यांना आंबेडकर म्हणून ओळखतील. त्यांना या जाजमावर कुणी बसू दिलं असतं का? मला वाटत नाही. हे पुण्याच्या प्रेमात पडतानाही विसरवत नाही.

क्लास सुटतो. जोड्यांच्या ढिगात तुमचा डावा सापडतो, उजवा साताऱ्याच्या पायात निघतो. रस्त्यात अंधार, थंडी कानात शिरते, कुठल्याशा वाड्यात आरतीची झांज. खोलीत येऊन तिघं एका दिव्याभोवती बसता. तेल एकाचं, वात दुसऱ्याची, पुस्तक तुमचं. तळहातावरची अक्षरं पुसायच्या आत उतरवून घ्या. पोट आता ओरडतही नाही, नुसतं पोकळ वाजतं. पैशाच्या कार्डावर आईला लिहिता: ‘माझी प्रकृती उत्तम. जेवणाखाण्याची काळजी नसावी.’

आणि शुक्रवार उजाडतो.

शुक्रवारचं घर म्हणजे नारायण पेठेतला एक दोन चौकी वाडा. पाटावर बसा. भाताची वाफ तोंडावर घ्या, एवढ्या जवळून की डोळे ओले व्हावेत. वरण, त्यावर तुपाची धार, पानात डावीकडे लिंबाची फोड. पहिला घास घशाखाली उतरताना कानात गुणगुण होते. वाढणारी काकू नव्हे, तिची नणंद आहे. तिशीची असेल. लाल आलवण, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. इतक्या शुक्रवारांत तिनं ‘अजून भात?’ यापलीकडे तुमच्याशी शब्द काढलेला नाही. आज काकू देवळात गेली आहे. नणंद भात वाढते आणि तिथेच थांबते.

‘तू वकिलीचं शिकतोस ना रे?’

‘हो, आत्या.’

‘दीर म्हणतात, तुझा इथे कशावर हक्क नाही, भावाकडेच राहा. खरं का ते?’

घास हातात तसाच राहतो. ‘भाऊभाऊ वेगळे झाले होते?’

‘नाही. हे गेले तेव्हा सगळं एकत्रच होतं.’

‘आणि जमीन? दिरांनी घेतलेली, की आधीपासूनची?’

ती आत जाते. पितळी डबा उघडल्याचा आवाज. फडक्यात गुंडाळलेला, घड्यांवर विरलेला कागद ती तुमच्या पाटाशेजारी, खरकटं लागणार नाही इतक्या अंतरावर ठेवते. मोडी. शाई तपकिरी पडलेली. तुम्ही उजवा हात पाठीमागे धरता, वाकून डाव्या हाताच्या बोटानं ओळ धरता. वर्ष, गाव, शिव, विहीर, आंब्याची झाडं. घेणाराचं नाव एकदा वाचता, मग पुन्हा.

‘हे कोण तुमचे?’

‘सासऱ्यांचे वडील.’

‘म्हणजे जमीन आजोबांची,’ तुम्ही म्हणता. आवाज तुमचा तुम्हालाच अनोळखी वाटतो, वाड्यातल्या जाजमावरून आल्यासारखा. ‘आत्या, हा कागद कुणाच्या हातात देऊ नका. दिरांच्या तर नाहीच. मी पुढच्या शुक्रवारी याची नक्कल करून घेतो.’

ती कागद उचलते, घडीवर घडी घालते. बाहेर दिंडीची कडी वाजते, काकू आली. आत्या फडकं पदराखाली घेते आणि पळी उचलते.

‘आमटी घे,’ ती म्हणते. ‘आणि काय रे, काल कुठे जेवलास?’