टाळ्या खेळाला, हुर्यो स्वाभिमानाला



10 जानेवारी 2021, सिडनी कसोटीचा चौथा दिवस. सीमारेषेजवळ क्षेत्ररक्षण करणारा मोहम्मद सिराज पंचांकडे चालत आला आणि त्याने प्रेक्षकांतल्या एका टोळक्याकडे बोट दाखवले. काही मिनिटे खेळ थांबला, सहा प्रेक्षकांना स्टँडमधून बाहेर काढले. आदल्या दिवशीही त्याला आणि बुमराहला शिव्या पडल्याची तक्रार झालीच होती. भारताचा कर्णधार होता अजिंक्य रहाणे, आपल्याच जिल्ह्यातल्या संगमनेर तालुक्याचा, आश्वी खुर्दचा. मैदान सोडून जायचे असेल तर जा, असा पर्याय पंचांनी दिला होता. आम्ही चूक केलेली नाही, आम्ही खेळणार, असे रहाणेने सांगितल्याचे सिराजने पुढे सांगितले. वंशवादी शिवीगाळ झाली हे क्रिकेट ऑस्ट्रेलियाने चौकशीअंती मान्य केले. मात्र बाहेर काढलेले ते सहा जण दोषी नव्हते, असेही त्याच चौकशीत निघाले. म्हणजे शिव्या खऱ्या, पण देणारे सापडले नाहीत! हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

त्या आठवड्यात आपल्या तालुक्यातल्या प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर ऑस्ट्रेलियन लोक किती वंशवादी आहेत यावर भाषणे झाली. राग बरोबरच होता. आम्हाला त्या रागाची उलटतपासणी करायची आहे.

17 ऑक्टोबर 2007, मुंबईचे वानखेडे. ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंड्स फलंदाजीला आला तेव्हा स्टँडमधून माकडाचे आवाज निघाले. काही प्रेक्षक हातवारे करत होते, त्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली. सायमंड्सचा जन्म बर्मिंगहॅमचा, त्याच्या अंगात आफ्रो-कॅरिबियन रक्त होते. त्याआधी वडोदऱ्यालाही हेच घडले होते. तेव्हा काय खुलासे झाले? लोकांचा तसा हेतू नव्हता, गैरसमज झाला, ती तर देवाच्या नावाची घोषणा होती! मुंबईत छायाचित्रेच समोर आल्यावर काही जणांवर पोलिसांनी कारवाई केली आणि विषय मिटला. पुढे जानेवारी 2008 मध्ये सिडनीत हरभजन-सायमंड्स प्रकरण पेटले, तेव्हा अख्खा देश हरभजनच्या पाठीशी उभा राहिला. हरभजनवरचा वंशवादाचा आरोप अपिलात टिकला नाही, हे खरे. पण तीन महिन्यांपूर्वी वानखेडेवर काय झाले होते, हे त्या गदारोळात कोणी काढले नाही.

आता ज्याच्यावरून या विषयाची जगभर चर्चा झाली त्या माणसाकडे येऊ. अॅडम गुड्स. ऑस्ट्रेलियातला आदिवासी खेळाडू. त्यांचा फुटबॉल आपल्यासारखा नसतो. लांबट चेंडू, हातापायांनी खेळतात, मैदान क्रिकेटचे. गुड्स सिडनी स्वान्सचा. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचे ब्राउनलो पदक त्याला 2003 आणि 2006 असे दोनदा मिळाले, संघाने 2005 आणि 2012 ला अजिंक्यपद जिंकले. तोवर तो सगळ्यांचा लाडका होता.

24 मे 2013 ला मेलबर्नच्या मैदानावर प्रेक्षकांतून कोणीतरी त्याला 'एप' म्हणाले. गुड्स थांबला आणि त्याने बोट दाखवले. ती तेरा वर्षांची मुलगी निघाली. दुसऱ्या दिवशी गुड्सने सांगितले की मुलीला दोष देऊ नका, तिला आधार द्या. हे शब्द ती आजूबाजूच्या समाजाकडून शिकली. यापेक्षा संयमाने कोण काय बोलेल? पण प्रतिस्पर्धी कॉलिंगवूड क्लबचा अध्यक्ष एडी मॅकग्वायर, ज्याने त्या रात्री माफी मागितली होती, त्यानेच पाच दिवसांत रेडिओवर गुड्सचे नाव किंग काँगशी जोडून विनोद केला. 2014 ला गुड्सला 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' हा सन्मान मिळाला आणि तो आदिवासींच्या इतिहासावर उघड बोलू लागला. मग हुर्यो वाढली. मे 2015 मध्ये, आदिवासींच्या सन्मानासाठी राखलेल्या फेरीत, गोल केल्यावर त्याने आपल्या परंपरेतले युद्धनृत्य केले, हातात नसलेला भाला फेकल्याचा अभिनय केला. लोक म्हणाले, आम्हाला धमकावले! त्यानंतर चेंडू त्याच्याकडे गेला की हजारो लोक 'बू' करत. जुलैअखेर त्याने रजा घेतली, सप्टेंबरमध्ये निवृत्त झाला.

हुर्यो उडवणाऱ्यांचे समर्थन मुळातून पाहण्यासारखे आहे. आम्ही रंगामुळे नाही, तो मैदानात नाटके करतो म्हणून ओरडतो. बाकी आदिवासी खेळाडूंना आम्ही ओरडतो का? तो फार बोलतो, तो समाजात फूट पाडतो. मित्रहो, ही वाक्ये कुठे ऐकल्यासारखी वाटतात ना? 'तुमच्यातले बाकीचे चांगले आहेत, हाच जरा जास्त करतो.' एखादा मुलगा गावात जयंतीची कमान उभारतो, ग्रामसभेत गायरानाचा प्रश्न विचारतो, तेव्हा त्याच्याबद्दल हेच बोलले जाते. समाजशास्त्राच्या पुस्तकात पूर्वग्रहाच्या व्याख्या सापडतात, पण हा 'बाकीचे चांगले आहेत' वाला पूर्वग्रह ओळखायला गावातच राहावे लागते. त्याला दलित-आदिवासी माणूस चालतो, फक्त तो मान खाली घालून असावा.

आणि याचा इतिहास आपल्याकडे ऑस्ट्रेलियाइतकाच जुना आहे.

ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेला पहिला क्रिकेट संघ आदिवासींचा होता. 1868 चा दौरा, 47 सामने. आणि 1869 मध्येच व्हिक्टोरिया वसाहतीने कायदा करून आदिवासींनी कुठे राहायचे, कुठे काम करायचे हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडे घेतला. 1911 ला भारताचा संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला. त्यात शंभराहून अधिक बळी घेणारा डावखुरा फिरकी गोलंदाज चर्मकार समाजातला होता, बाळू पालवणकर. पुण्यात युरोपियनांच्या क्लबवर महिना चार रुपयांवर खेळपट्टीची देखभाल करणारा हा मुलगा. गोऱ्यांना तासन्‌तास गोलंदाजी करायची, बॅट मात्र हाती मिळायची नाही. पुण्याच्या हिंदू संघाने त्याला घेतले ते जिंकायला. मैदानात चेंडू एकाच हातातून दुसऱ्या हातात जात होता, तिथे विटाळ नव्हता. चहाच्या वेळी सवर्ण खेळाडू आत कपबशीत चहा घेत आणि बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात मिळे.

बाळूची हुर्यो उडाल्याचे आमच्या वाचनात नाही. उलट टाळ्याच. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात त्याचा मोठा वाटा. टाळ्यांना कोणाची ना नव्हती, अडले ते कर्णधारपदाशी. सगळ्यांत अनुभवी असूनही ते त्याला दिले नाही. 1920 ला चौरंगी स्पर्धेत नियमित कर्णधार आजारी पडला तेव्हा दि. ब. देवधरांना कर्णधार केले आणि बाळूला संघातूनच वगळले. त्याचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निषेध करून सामन्यातून अंग काढून घेतले. वर्ष लक्षात घ्या. जानेवारीत 'मूकनायक' निघाले होते, मार्चमध्ये माणगाव परिषद झाली होती. शेवटी बाळूला उपकर्णधार म्हणून परत बोलवावे लागले, आणि 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाला, हिंदू संघ जिंकला. खेळून मिळाले नाही ते खेळायला नकार दिल्यावर मिळाले, याची नोंद क्रिकेटच्या आठवणी सांगणारे सहसा घेत नाहीत.

आपल्या चळवळीतही बाळूचे नाव फारसे निघत नाही. कारण उघड आहे. पुणे कराराच्या वेळी तो विरुद्ध बाजूला होता, आणि 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्याला बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूला 11,225. काँग्रेसने हे का केले हे समजायला फार डोके लागत नाही. पण ज्याच्या सत्कारात तरुण आंबेडकरांनी भाग घेतला, त्या माणसाला एका निवडणुकीमुळे इतिहासातून वगळणे आम्हाला पटत नाही. त्याचे राजकारण नाकारावे, मातीचे भांडे विसरू नये.

आणि हे शंभर वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता येत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये 31 जुलै 2021 ला हॉकीपटू वंदना कटारियाने हॅटट्रिक केली, ऑलिंपिकमध्ये ती करणारी पहिली भारतीय महिला. चार दिवसांनी संघ उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरासमोर फटाके वाजले, जातिवाचक शिव्या झाल्या, संघात दलित फार झाले म्हणून हरलो अशी ओरड झाली. जिंकल्यावर देशाची लेक, हरल्यावर जात! इथे तर तिने तोंडही उघडले नव्हते. ऑस्ट्रेलियातला 'बू' निदान मैदानाच्या कुंपणाआत होता.

आपल्या तालुक्यात हिवाळा आला की टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात, गावोगावी चषक, मंडप, स्पीकर. वस्तीचा संघ उतरला की माइकवाला त्याला काय नावाने पुकारतो, झेल सुटल्यावर मंडपातून कोणता शब्द येतो, हे खेळणाऱ्या पोरांना विचारा. आमच्याशी बोललेली पोरे आधी हसतात. 'चालतंय भाऊ, खेळात होतंच.' मग हळूच सांगतात की अमुक गावाला आम्ही आता जात नाही. तक्रार का केली नाही, या प्रश्नाला ज्याला खर्ड्याचे 2014 चे प्रकरण आठवते तो उत्तर विचारणार नाही. साक्षीदार फितूर झाले, 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. पाहणाऱ्या गर्दीने बोलायचे नाही असे ठरवले की काय होते, हे या तालुक्याला कोणी शिकवायला नको.

तरीही कायदा माहीत असावा. अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम 3(1)(आर) आणि 3(1)(एस) चारचौघांसमोर, लोकांच्या नजरेत केलेल्या अपमानाबद्दल आणि जातीवाचक शिवीबद्दल आहे. भरलेले मैदान म्हणजे तेच. माइकवरचे बोलणे तर मोबाईलवर सहज रेकॉर्ड होते. आयोजकांना स्पर्धेआधीच लेखी द्यावे की जातीवरून शेरा मारणारा संघ बाद होईल, माइकवाला बदलला जाईल, आणि प्रवेश फी भरताना त्या कागदाची पोच घ्यावी. आणि शेरा आला तर बाळूच्या भावांनी केले तेच करावे, अकराच्या अकरा जणांनी.

गुड्सची तेवढी गोष्ट राहिली. 2019 मध्ये लीगने आणि सगळ्या अठरा क्लबांनी त्याची माफी मागितली. 2021 मध्ये लीगने त्याला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचे ठरवले. त्याने नको म्हणून सांगितले.