पार्सल वाहतूक आणि चालकाची अनुज्ञप्ती : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला. व्यापाऱ्यांचा माल व पार्सले स्थानकापर्यंत वेगाने येऊ लागली; स्थानकापासून दारापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र दीर्घकाळ हमाल, हातगाडी आणि बैलगाडी यांच्यावरच अवलंबून राहिला. पुढे हा टप्पा मोटारीकडे गेला, तेव्हा दुसऱ्याचा माल वाहून उपजीविका करणाऱ्या चालकाची पात्रता कशावरून ठरवावी, हा प्रश्न उभा राहिला. या प्रश्नाला कायद्याने वेळोवेळी दिलेल्या उत्तरांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

1939 चा कायदा :
1939 च्या मोटार वाहन कायद्याने दोन प्रकारच्या चालकांसाठी अनुज्ञप्तीत, म्हणजे बोलीतल्या लायसन्समध्ये, खास नोंद आवश्यक मानली. एक, पगारी नोकर म्हणून वाहन चालवणारा आणि दुसरा, परिवहन वाहन चालवणारा. धन्याची खासगी मोटार चालवणारा नोकरही या नोंदीतून सुटत नसे. चालक कोणासाठी आणि कोणत्या नात्याने वाहन चालवतो, याची दखल कायदा घेत होता. स्वातंत्र्योत्तर काळात तीनचाकी मालवाहू गाड्या रस्त्यावर आल्या. 1958 मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेंपो कंपनीच्या नावातला ‘टेंपो’ हा शब्द मराठीत लहान मालवाहू गाडीचे सामान्यनामच होऊन बसला.

1988 चा कायदा :
1 जुलै 1989 पासून अंमलात आलेल्या 1988 च्या कायद्याच्या कलम 3 मधून पगारी नोकराचा उल्लेख गळाला आणि परिवहन वाहन हा एकच निकष उरला. अशा वाहनासाठी वयाची वीस वर्षे पूर्ण असणे, हलके वाहन चालवण्याची अनुज्ञप्ती किमान एक वर्ष जवळ असणे, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण अशा अटी होत्या. नूतनीकरणाची मुदत 2019 च्या दुरुस्तीने पाच वर्षांची झाली. आठवी उत्तीर्ण असण्याची नियमांतील अटही त्याच वर्षी वगळण्यात आली. 1994 च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाची वजनमर्यादा 6000 वरून 7500 किलोग्रॅम केली आणि मालवाहू व प्रवासी वाहनांचे वेगवेगळे वर्ग ‘परिवहन वाहन’ या एकाच वर्गात आणले. पुढच्या वादाचे मूळ येथे आहे. सात टनांच्या आतला टेंपो एकाच वेळी हलके वाहनही ठरत होता आणि परिवहन वाहनही.

लहान टेंपोचा वाद :
मुंबईच्या जकात हद्दीबाहेर असलेल्या भिवंडी परिसरात गोदामांची दाट वस्ती उभी राहिली. तेथून ठाणे, कल्याण व डोंबिवलीच्या अरुंद गल्ल्यांत माल पोहोचवण्यास 2005 मध्ये बाजारात आलेला टाटा एस, म्हणजे लोकांचा ‘छोटा हत्ती’, सोयीचा ठरला. एकूण 3000 किलोग्रॅमपर्यंतच्या मालवाहनास कलम 66 नुसार वाहतूक परवाना लागत नाही. चालकाच्या अनुज्ञप्तीचा प्रश्न मात्र वेगळा होता. अपघातानंतर चालकाकडे परिवहन वाहनाची नोंद नाही, असे दाखवून विमा कंपन्या दायित्व नाकारत. त्याची झळ वाहनमालकाला, चालकाला आणि मृतांच्या वारसांनाही बसे. 3 जुलै 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठाने 7500 किलोग्रॅमपर्यंतच्या परिवहन वाहनास हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती पुरेशी ठरवली. या निर्णयाच्या फेरविचाराची मागणी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे गेली. 6 नोव्हेंबर 2024 रोजी या पीठाने तोच अर्थ कायम केला. न्यायमूर्ती हृषिकेश रॉय यांनी लिहिलेल्या या निर्णयात, अशा चालकांमुळे अपघात वाढतात हे दाखवणारी आकडेवारी न्यायालयापुढे आली नसल्याचे नमूद आहे.

दुचाकी आणि पार्सल :
आज घरोघरी पार्सल पोहोचवणारे अनेक तरुण स्वतःच्या दुचाकीवर फिरतात. ठाण्याच्या एमएच-04 किंवा कल्याणच्या एमएच-05 मालिकेतली ती दुचाकी पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची असते. चालकाजवळ दुचाकीची साधी अनुज्ञप्ती असते आणि तिला अठरा वर्षे वय पुरते. परंतु कायद्यातील ‘मालवाहन’ या संज्ञेत केवळ मालासाठी बांधलेले वाहनच नाही, तर मालवाहतुकीस वापरले जाणारे कोणतेही मोटार वाहन येते. या शब्दांशी प्रत्यक्ष व्यवहाराचा मेळ बसत नाही. शिवाय खासगी दुचाकीच्या प्रमाण विमापत्रात भाड्याने होणारा वापर आणि मालवाहतूक वगळलेली असते. अपघात झाला की ही फट उघडी पडते आणि तिचा भार सर्वांत कमी मिळकतीच्या माणसावर येतो.

निष्कर्ष :
1939 च्या कायद्याने चालकाचे नातेही पाहिले, 1988 च्या कायद्याने वाहन पाहिले आणि 2024 च्या निर्णयात वजन निर्णायक ठरले. चालकाचे कामाशी असलेले नाते मात्र अनुज्ञप्तीच्या कायद्यातून पुसले गेले. 21 नोव्हेंबर 2025 पासून अंमलात आलेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग व मंच कामगारांची व्याख्या करून ते नाते पुन्हा कायद्यात आणले आहे. अनुज्ञप्ती, विमा आणि सामाजिक सुरक्षा हे तीन कायदे एकाच माणसाकडे तीन दिशांनी पाहतात. त्यांचा मेळ घालताना अटी वाढवण्यापेक्षा दुचाकीस्वाराच्या विम्यातील फट बुजवणे अधिक निकडीचे आहे. हलक्या वाहनाच्या चालकाला न्यायालयाने दिलेली स्पष्टता पार्सल घेऊन जिने चढणाऱ्याच्या वाट्याला अजून आलेली नाही.