बेनोनीतल्या ९६ धावा

आमच्या लोह्यात खेळ म्हटला की आधी आठवते ती कुस्ती. माळेगावला खंडोबाची यात्रा भरली की पैलवान समोरच दिसतो, त्याच्या अंगाची मातीसुद्धा दिसते. क्रिकेट मात्र आम्ही कायम लांबूनच पाहिलं. आधी रेडिओ, मग टीव्ही, आता मोबाइल. खेळणारी पोरं मुंबईची नाहीतर दिल्लीची. आपल्याकडच्याचं तिथे काय काम?

तसं अगदीच कुणी नव्हतं असंही नाही. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध एकाच कसोटीत आपले दोघे पहिल्यांदा उतरले. एक बीडमध्ये जन्मलेला संजय बांगर, दुसरा औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी. शेवटी जिंकायला पाचच धावा हव्या होत्या, म्हणून गोलंदाज इक्बालला सलामीला पाठवलं आणि विजयाची धाव त्यानेच काढली. त्याची कसोटी मात्र ती एकच. बांगर वर आला तो रेल्वेकडून खेळून.

कारणं शोधायला लांब जायला नको. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाकडे, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. महाराष्ट्राच्या क्रिकेटचं घर पुण्यात. पोराला निवड चाचणीला न्यायचं म्हणजे बापाचा रोज बुडणार, वर एसटीचं तिकीट.

हे चित्र बदललं ते पोरांच्या क्रिकेटमुळे. एकोणीस वर्षांखालच्यांचा विश्वचषक पहिल्यांदा १९८८ साली झाला, मग थेट १९९८ ला, आणि तेव्हापासून साधारण दर दोन वर्षांनी. जालन्याच्या विजय झोलने २०११ साली कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ केल्या. २०१२ च्या विश्वविजेत्या संघात तो होता आणि २०१४ ला कर्णधार झाला. २०२२ च्या विजेत्या संघात तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर होता. आणि २०२४ ला बीडचा सचिन धस.

६ फेब्रुवारी २०२४. दक्षिण आफ्रिकेतल्या बेनोनीला उपांत्य सामना, समोर यजमानच. त्यांच्या २४४. आपला आदर्श सिंग पहिल्याच चेंडूवर बाद, बघता बघता ४ बाद ३२. माझ्या भाच्याने मोबाइल उलटा ठेवून दिला. "मामा, गेली मॅच." मी म्हटलं, थांब, बीडचा पोरगा येतोय. थांबला बिचारा, मामाचा मान म्हणून!

वडिलांनी तेंडुलकरवरून ज्याचं नाव ठेवलं तो हा सचिन. बीडमध्ये अर्ध्या लांबीच्या खेळपट्टीवर सराव करून तो मोठा झाला, असं तेव्हा पेपरात आलं होतं. तो घाबरलेला दिसलाच नाही. दुसऱ्या बाजूला कर्णधार उदय सहारन एकेक धाव जोडत होता, हा चौकार मारत होता. दोघांनी १७१ धावा जोडल्या. भाचा उठून उभा राहिला, मग आमची बहीणही पोळ्या सोडून आली. ९५ चेंडूंत ९६ झाल्या आणि सचिन झेल देऊन गेला. शतकाला चार कमी. घरात कुणी बोललं नाही.

मग धावसंख्या बरोबरीत आली आणि ८१ वर सहारन धावबाद! शेवटी राज लिंबानीने चौकार मारला. दोन गडी राखून जिंकलो, सात चेंडू शिल्लक होते.

अंतिम सामना ऑस्ट्रेलियाशी हरलो, ७९ धावांनी. त्यानंतर जो तो विचारायला लागला, 'आता हा मोठ्या संघात कधी येणार?' मला हा प्रश्नच पटत नाही. झोल मोठ्या संघात कधीच आला नाही, म्हणून काय त्या ४५१ पुसल्या गेल्या? माळेगावच्या फडात एखादा पोरगा नामांकित पैलवानाला चितपट करतो, तेव्हा तो हिंदकेसरी होईल का, असं कुणी विचारत नाही. लोक त्याला खांद्यावर घेतात. कुस्ती झाली, ती पाहिली, एवढं पुरतं.

मराठवाड्याचं नाव पेपरात येतं ते बहुतेक दुष्काळाने. त्या रात्री ते धावफलकाने आलं. आमच्या भाच्याला आता बीड म्हटलं की आधी ९६ आठवतात. पुढच्या पिढीचा इतिहास असाच कुठेतरी सुरू होत असावा.