‘दोहोंतून’ की ‘दोहोंत’?

विभक्तीचे प्रत्यय शिकवताना मुलांच्या जांभया शिक्षक मंडळींनी पाहिल्याच असतील. ‘घरात’ काय आणि ‘घरातून’ काय, शेवटी घर ते घरच, असे एखादे द्वाड पोर विचारतेसुद्धा. त्या पोराला सांगण्याजोगी एक हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो. इसवी सन ४५१ मध्ये अशाच एका शब्दयोगावरून ख्रिस्ती जगात जी फूट पडली, ती अजून पुरती सांधलेली नाही.

येशू ख्रिस्त हा देव, हे ३२५ मध्ये निकेया येथील धर्मपरिषदेने ठरवले होते. पण तो माणूसही होता. त्याला भूक लागे, तो थके, रडे. आणि क्रुसावर तो मेला. मग देव मेला का? देव मरत नसेल, तर क्रुसावर होते कोण? अवताराची कल्पना आपल्या श्रोत्यांना परकी नाही. परंतु अवतारात देव किती आणि माणूस किती, असा हिशेब मागण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. ग्रीक पंडितांना हिशेब चोख हवा होता. आणि हा नुसता काथ्याकूट नव्हता बरे! ख्रिस्ताने माणसाला तारले, ही त्यांची श्रद्धा. तो पुरता देव नसेल तर तारणार कसा, आणि पुरता माणूस नसेल तर त्याने तारले ते कोणाला?

४२८ मध्ये नेस्टोरियस हा कॉन्स्टॅन्टिनोपलचा मुख्य बिशप झाला. लोक मरियेला ‘देवमाता’ म्हणत, ते त्याला खटकले. तो म्हणाला, देवाला जन्म कसा असेल? ‘ख्रिस्तमाता’ म्हणा. इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या सिरिलने यावर रान उठवले. त्याचे म्हणणे असे, की तिच्या पोटी आला तो एकच, देवही तोच आणि माणूसही तोच. ‘देवमाता’ नाकारलीत, तर तुम्ही एका ख्रिस्ताचे दोन ख्रिस्त केलेत.

सम्राट दुसऱ्या थिओडोसियसने ४३१ मध्ये इफिस येथे परिषद बोलावली. अंतिओखियाचा बिशप योहान आपल्या मंडळींसह वाटेत होता. सिरिलने त्याची वाट न पाहता २२ जूनला परिषद उघडली आणि त्याच दिवशी नेस्टोरियसला पदच्युत केले. चार दिवसांनी योहान पोचला, त्याने वेगळी बैठक भरवून सिरिललाच पदच्युत केले. सम्राटाने आधी दोन्ही ठराव मान्य केले आणि दोघांनाही अटकेत ठेवले! पुढे सिरिलकडून दरबारातल्या बड्या लोकांना गालिचे, हस्तिदंती खुर्च्या आणि सोने पोचले. त्या नजराण्यांची यादीच उपलब्ध आहे. सिरिल आपल्या गादीवर परतला. नेस्टोरियस पदाला मुकला तो कायमचाच आणि पुढे इजिप्तमध्ये हद्दपारीत मेला. सिरिल मोठा विद्वान होता, यात शंका नाही. परंतु ती यादी वाचली की मन खट्टू होते.

वाद मिटला नाही. ४५१ मध्ये, कॉन्स्टॅन्टिनोपलच्या समोर, सामुद्रधुनीपलीकडे कॅल्सिडॉन येथे सुमारे पाचशे बिशप जमले. ख्रिस्त ‘दोन स्वभावांतून’ आहे, असा मसुदा पुढे आला आणि पुष्कळांना तो पसंतही पडला. पण सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी तो अडवला. ‘दोहोंतून’ हे तर पदच्युत झालेल्या डायोस्कोरसलाही मान्य होते, मग ठरले काय? रोमचा पोप लिओ म्हणतो, की एक होण्यापूर्वी दोन होते एवढेच नव्हे, एक झाल्यावरही दोन्ही स्वभाव शाबूत आहेत. अखेर ‘तून’ जाऊन ‘त’ आला. एकच ख्रिस्त, ‘दोन स्वभावांत’. मिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही.

इजिप्तचे काही बिशप तेथे हात जोडून म्हणाले, की आम्हाला हवे तर इथेच मारा, पण सही करायला लावू नका. सही करून घरी गेलो तर लोक आम्हाला जिवंत ठेवणार नाहीत. भीती खोटी नव्हती. परिषदेच्या बाजूचा अलेक्झांड्रियाचा मुख्य बिशप प्रोटेरियस याला ४५७ मध्ये जमावाने ठार मारले. इजिप्तमधील कॉप्टिक, तसेच सिरियाई, आर्मेनियन व इथिओपियन मंडळ्या वेगळ्या झाल्या त्या या परिषदेला नाकारून. ग्रीक बादशाहीवरचा राग त्यात होता, असे कोणी म्हणतात. असेलही, पण नुसत्या रागावर लोक पिढ्यान्‌पिढ्या छळ सोसत नाहीत.

खरी अडचण शब्दाची होती. ‘फ्युसिस’ म्हणजे स्वभाव. सिरिलच्या लेखी त्याचा अर्थ जवळजवळ जिताजागता व्यक्ती असा होई, म्हणून ‘दोन स्वभाव’ म्हटले की त्याच्या अनुयायांना दोन ख्रिस्त दिसत. दुसऱ्या पक्षाच्या लेखी स्वभाव म्हणजे गुणधर्म, म्हणून ‘एक स्वभाव’ म्हटले की त्यांना ख्रिस्तातला माणूस देवात विरघळलेला दिसे.

या वादाची धग आपल्या किनाऱ्यालाही लागली. रोमन साम्राज्याबाहेर, इराण-इराकात जी पूर्वेकडील मंडळी होती, ती नेस्टोरियसला मान देई. केरळातल्या ख्रिस्ती लोकांचे बिशप शतकानुशतके तिकडून येत. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेइशो द मेनेझिस यांनी उदयंपेरूर येथे सभा भरवली, नेस्टोरियसचा धिक्कार करवला आणि पुष्कळ सिरियाई ग्रंथ जाळवले. १६५३ मध्ये मट्टनचेरी येथे क्रुसासमोर शपथ घेऊन हजारो लोकांनी परकी जेसुइटांची सत्ता झुगारली. १६६५ मध्ये त्यांच्या मदतीला मार ग्रेगोरिओस हे बिशप आले. मौज अशी, की ते सिरियाई मंडळीचे, म्हणजे सिरिलच्या परंपरेतले! नेस्टोरियसला मानणाऱ्यांकडून बिशप घेणारे लोक हळूहळू त्याच्या कट्टर विरोधकांच्या वळचणीला गेले.

११ नोव्हेंबर १९९४ रोजी रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडील अॅसिरियन मंडळीचे प्रमुख मार दिन्खा चौथे यांनी एका निवेदनावर सह्या केल्या. ख्रिस्ताविषयी आमची श्रद्धा एकच आहे, असे त्यात म्हटले आहे. आणि मरियेला एका मंडळीने ‘देवमाता’ म्हणावे, दुसरीने ‘ख्रिस्तमाता’. दोन्ही नावे योग्य, असेही त्यात आहे. इफिसच्या परिषदेला तेव्हा १५६३ वर्षे झाली होती.