शहापूर-मुरबाडची फुलशेती आणि ड्रोन

तानसा जलाशयाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे. ज्या शहापूर तालुक्यात तो आहे, तेथील कित्येक पाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहापूर व मुरबाडमधील फुलशेतीचा विचार या विषमतेपासून अलग करता येत नाही. पाठीवरील पंपाने फवारणीस एकरी १०० लिटरांहून अधिक पाणी लागते. ड्रोनला सुमारे १० लिटर पुरते. २०२१ च्या नियमांनी ड्रोन-उड्डाणाची वाट सुकर केली, आणि २०२३ मध्ये केंद्र शासनाने महिला बचतगटांना १५,००० ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. तथापि रोपवाटिकेच्या शेडनेटखाली हे यंत्र चालविणे अवघडच. आणि मोगऱ्याची कळी तर उमलण्यापूर्वी हातानेच खुडावी लागते.