‘सत्य’ नावाचा मथळा

पाठचिकित्सेची शिस्त आपण वर्गात शिकवतो ती बहुधा जुन्या ग्रंथांच्या संदर्भात. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, इथून आपले विवेचन सुरू होते आणि लेखनिकांचे प्रमाद, प्रक्षिप्त ओव्या, गाळलेला मजकूर अशा मुद्द्यांवर ते संपते. विद्यार्थ्यांना हा विषय कोरडा वाटतो. इंग्लंडमधल्या हिल्सबरो दुर्घटनेचा इतिहास वाचताना मात्र, ही शिस्त माणसांच्या अब्रूचेही रक्षण करू शकते, असे आम्हांला तीव्रतेने जाणवले.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट ह्या फुटबॉल संघांमध्ये एफ. ए. कपचा उपांत्य सामना होता. लिव्हरपूलच्या चाहत्यांना लेपिंग्ज लेनच्या बाजूने आत यायचे होते. तिथली फिरती फाटके अपुरी होती आणि बाहेर गर्दी वाढत चालली. सामना तीन वाजता सुरू व्हायचा होता. त्याआधी काही मिनिटे बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकनफील्ड ह्यांच्या आदेशावरून बाहेर पडण्याचे एक मोठे दार उघडण्यात आले. आत आलेला लोंढा समोरच्या बोगद्यातून मधल्या दोन कप्प्यांत गेला. हे कप्पे आधीच भरलेले होते, पण बोगदा कोणी बंद केला नाही. समोर लोखंडी जाळी होती. चाहते मैदानात घुसतील, ह्या धास्तीपोटीच अशा जाळ्या इंग्लंडमध्ये उभ्या राहिल्या होत्या. तीन वाजून सहा मिनिटांनी सामना थांबला, तोवर माणसे उभ्या उभ्या गुदमरून मरत होती.

चाहत्यांनीच दार फोडले, असे डकनफील्ड ह्यांनी त्याच दुपारी फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यांना सांगितले. ते खोटे होते. पुढे २०१५ मध्ये शपथेवर त्यांनी ते मान्य केले.

चार दिवसांनी, १९ एप्रिलला, ‘द सन’ ह्या वृत्तपत्राने पहिल्या पानावर भल्या मोठ्या अक्षरांत ‘सत्य’ ह्या अर्थाचा मथळा दिला. खाली तीन आरोप होते : काही चाहत्यांनी मृत-जखमींचे खिसे कापले, काहींनी पोलिसांवर लघवी केली, काहींनी तोंडाने श्वास देणाऱ्या शिपायाला मारहाण केली. बातमीचे मूळ शेफील्डच्या एका वृत्तसंस्थेत होते. तिला ही माहिती मिळाली होती पोलिसांकडून आणि स्थानिक खासदार आयर्विन पॅट्निक ह्यांच्याकडून. असे आरोप इतरही पत्रांनी छापले, पण ‘सन’ने ते निर्विवाद वस्तुस्थिती म्हणून मांडले.

साहित्याच्या अभ्यासकाने ह्या मथळ्याची रचना पाहावी. ‘काही’ हे विशेषण वरवर मर्यादा घालणारे आहे. प्रत्यक्षात ते कर्त्याला अनामिक करते, आणि अनामिक कर्त्याचे कृत्य सबंध समुदायाला चिकटते. वर ‘सत्य’ हा शब्द असल्यामुळे, हे कोणी पाहिले, हा प्रश्न विचारण्याची जागाच उरत नाही.

हे खोटे खपले कसे? ह्याचे उत्तर चार वर्षे आधीच्या एका खऱ्या घटनेत आहे. १९८५ मध्ये ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांच्या एका गटाने केलेल्या चढाईनंतर ३९ माणसे मेली होती. ती गुन्हेगारी खरी होती. ती नाकारून हिल्सबरोचा विचार प्रामाणिकपणे करता येणार नाही. परंतु एका ठिकाणच्या काहींचा गुन्हा दुसऱ्या ठिकाणच्या सर्वांविरुद्धचा पुरावा ठरला. चाहता म्हटला की तो दंगेखोर आणि दारुडाच असणार, हे गृहीतक इतके घट्ट होते की मृतांच्या, त्यांतल्या मुलांच्यासुद्धा, रक्तातले मद्याचे प्रमाण तपासले गेले.

वास्तविक ऑगस्ट १९८९ मध्येच लॉर्ड न्यायमूर्ती टेलर ह्यांच्या अंतरिम अहवालाने, पोलिसांचे नियंत्रण कोलमडणे हे मुख्य कारण ठरवून, हे आरोप फेटाळले होते. तरी १९९१ च्या मृत्युचौकशीत निष्कर्ष निघाला ‘अपघाती मृत्यू’ असा. मर्सीसाइडमध्ये ‘सन’वर बहिष्कार टाकलेल्या लोकांना कित्येक वर्षे दुराग्रही ठरवले गेले.

पाठचिकित्सेचा प्रश्न येतो तो इथे. सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतंत्र हिल्सबरो समितीने कागदपत्रे उघड केली, तेव्हा पोलिसांच्या १६४ जबान्यांमध्ये लक्षणीय फेरफार झाल्याचे दिसले. त्यांतल्या ११६ जबान्यांतून पोलीस दलाला प्रतिकूल असणारी वाक्ये काढलेली किंवा बदललेली होती. मूळ पाठ आणि सुधारित पाठ शेजारी ठेवल्यावर, जे गाळले तेच बोलू लागले. तत्कालीन संपादक केल्विन मॅकेन्झी ह्यांनी त्यानंतर माफी मागितली. २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या मृत्युचौकशीच्या पंचांनी ९६ जणांचा बेकायदेशीरपणे मृत्यू घडवला गेल्याचे ठरवले आणि चाहत्यांच्या वर्तनाचा त्यात वाटा नव्हता, असे निःसंदिग्धपणे सांगितले.

न्यायालयात मात्र फारसे काही निष्पन्न झाले नाही. डकनफील्ड २०१९ मध्ये सदोष मनुष्यवधाच्या आरोपातून निर्दोष सुटले. फेरफारासंबंधीचा खटला २०२१ मध्ये कोसळला. ज्या चौकशीसाठी जबान्या बदलल्या ती कायद्याच्या अर्थाने न्यायालय नव्हती, म्हणून न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याचा गुन्हाच होत नाही, असे न्यायाधीशांनी म्हटले. फेरफार झाला, पण कायद्याच्या कक्षेत तो बसला नाही.

ह्या दुर्घटनेवरची जुनी-नवी पुस्तके पाहिली तर मृतांच्या आकड्यात पाठभेद आढळतात : ९५, ९६, ९७. हे तिन्ही आकडे त्या त्या वेळी बरोबर होते. शहाण्णवावे मरण १९९३ मधले, सत्त्याण्णवावे त्या दिवशीच्या जखमांनी २०२१ मध्ये आलेले. विद्यार्थ्यांना पाठभेद शिकवताना आता आम्ही हे उदाहरणही देतो. सगळेच पाठभेद लबाडीतून येत नाहीत. काही केवळ काळ पुढे सरकल्यामुळे येतात. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी मूळ कागदापर्यंत जावे लागते. लिव्हरपूलच्या मृतांच्या आप्तांना त्यासाठी २७ वर्षे झगडावे लागले.