घाटाचं जुनं नाव

काशीत उतरून अमृतराव घाट कुठे म्हणून विचारलंत, तर रिक्षावाला तुमच्याकडे बघत राहील. राजा घाट म्हणा, की लगेच वाट दाखवेल. दशाश्वमेधाच्या दक्षिणेला, नारद घाट आणि पांडे घाट यांच्या दरम्यानचा हा घाट. उंच दगडी भिंत, खाली पायऱ्या, वर अमृतेश्वर आणि विनायकेश्वर अशी बापलेकांच्या नावांची देवळं. जेम्स प्रिन्सेप काशीच्या टांकसाळीत नोकरीला होता आणि फावल्या वेळात या शहराची चित्रं काढत होता, तेव्हा या घाटाला अमृतराव घाटच म्हणत. पुढे नाव गळलं आणि ‘राजा’ तेवढा उरला. कोणता राजा, हे घाटावर कुणाला विचारायची गरज वाटत नाही.

मी भाषांतरं करते. काशीतल्या मराठी वृद्धांच्या आठवणी ऐकून, उतरवून, हिंदीत नेण्याचं काम चार वर्षांपूर्वी हाती घेतलं, तेव्हा ‘घाट’ या शब्दापाशीच पहिल्यांदा अडखळले. मराठीत घाट म्हणजे आधी बोरघाट, मग भांड्याचा किंवा दागिन्याचा घाट, आणि शेवटी नदीचा. काशीत तो धक्का आहे, न्हाणीघर आहे, स्मशान आहे आणि पत्ता आहे. ‘आम्ही दुर्गाघाटाचे’ असं एक आजोबा म्हणाले, ते कोकणातला माणूस ‘आम्ही मुरुडचे’ म्हणतो त्याच सुरात. स्कॉटलंडमधलं लीथ हे बंदर 1920 साली एडिंबरोत सामील केलं गेलं. तिथल्या लोकांनी त्याआधी मतदानात मोठ्या बहुमताने नकार दिला होता, तरीही. पाण्याकाठच्या माणसांना आपण कुठल्या काठाचे हे नेमकं सांगायचं असतं, एवढं त्यातून कळतं.

आता या अमृतरावांविषयी. राघोबादादांनी त्यांना दत्तक घेतलं, नंतर 1775 साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, आणि थोरला असूनही दत्तक म्हणून अमृतराव बाजूला पडले. ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, बाजीराव पळाले, आणि अमृतरावांच्या मुलाला, विनायकरावाला, गादीवर बसवण्याचा घाट घातला गेला (हा आणखी एक घाट). बाजीरावांनी वसईला इंग्रजांशी तह केला. अमृतरावांनी 1803 साली इंग्रजांशी बोलणं करून सालीना सात लाखांचं पेन्शन पदरात पाडून घेतलं आणि ते उत्तरेत निघून गेले. चित्रकूटजवळ कर्वी आणि काशी ही त्यांची दोन ठिकाणं झाली. आपल्या शाळेच्या इतिहासात त्यांना दीड ओळ मिळते, आणि तीही फारशी चांगली नसते.

काशीतला त्यांचा लौकिक वेगळा होता. बिशप हेबर 1824 च्या सप्टेंबरात काशीला आला, त्याच सुमारास अमृतराव वारले. हेबरने ऐकलेली हकीकत लिहून ठेवली आहे. वर्षातून एका दिवशी, सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत, येईल त्या ब्राह्मणाला आणि आंधळ्या-पांगळ्याला तांदूळ आणि एक रुपया मिळे. शहराबाहेर त्यांची मोठी बाग होती, तिला चार दरवाजे. तीन दरवाजे तीन प्रकारच्या याचकांसाठी, चौथा स्वतःसाठी. दान घेतलेल्याला बागेत आत सोडत आणि संध्याकाळपर्यंत बाहेर जाऊ देत नसत, म्हणजे कुणी दोनदा रांगेत येऊ नये. आत सावली होती, पाणी होतं, गप्पांना माणसं होती. एका दिवसात पन्नास हजारांवर रुपये जात. मला या हकीकतीत दानापेक्षा ती बंद बाग जास्त आठवते. दिवसभर कोंडलेली, पोटभर सावलीत बसलेली ती गर्दी काय बोलत असेल?

पुढचं लवकर सांगता येईल. 1858 मध्ये व्हिटलॉकच्या फौजेने कर्वीचा खजिना लुटला. विनायकरावांच्या दोन दत्तक मुलांपैकी नारायणराव कैदेत वारले. लुटीची वाटणी कुणाकुणात व्हावी याचा खटला लंडनच्या आरमारी न्यायालयात चालला आणि 1866 साली निकाल लागला. समुद्रापासून इतक्या दूरच्या गावाचा पैसा आरमारी कोर्टात गेला, हे वाचून मी बराच वेळ हसत होते. त्या पैशात काशीच्या तांदळाचाही हिशेब असणार, हे नंतर ध्यानात आलं.

काशीतल्या मराठी घरांना मात्र पेशव्यांची फार गरज कधी पडली नाही. गागाभट्टांचं पैठणचं घराणं त्यांच्याही आधीपासून इथे होतं. अहिल्याबाईंचं विश्वनाथाचं देऊळ आहे, पंचगंगेवर कार्तिकात उजळणारी दीपमाळ आहे. चिमाजीअप्पा 1818 नंतर इथेच येऊन राहिले, त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते, म्हणून झाशीच्या राणीचा जन्म इथला. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या पट्ट्यात वाडे उभे राहिले. वाड्याला इथे ‘बाडा’ म्हणतात आणि मराठी माणसाला ‘दक्षिणी’.

ज्यांच्याशी बोलले त्यांतल्या बहुतेकांना ही नावं ठाऊक होती, पण त्यांच्यावर कुणी थांबलं नाही. पंचगंगेवरच्या मशिदीचा मनोरा 1948 साली कोसळला, ती आठवण मात्र तीन घरांतून आली. या मनोऱ्यांना लोक ‘माधोराय का धरहरा’ म्हणत. औरंगजेबाने पाडलेल्या बिंदुमाधवाचं नाव मशिदीच्या मनोऱ्यांना चिकटून राहिलं होतं. एक काका तेव्हा सात वर्षांचे होते. आवाजापेक्षा नंतरची धूळ त्यांना आठवते. आईने वाळत घातलेले पापड पांढरे झाले होते, म्हणाले. पुढे दुसरा मनोराही उतरवला गेला. प्रिन्सेपने ज्या मनोऱ्यांची डागडुजी केली, ते आता त्याच्या चित्रातच आहेत.

दुर्गाघाटावरच्या एका आजींकडे मी सर्वांत जास्त वेळ बसले. पंधराव्या वर्षी रत्नागिरीहून लग्न होऊन आल्या. त्यांचा दिवस पहाटे चारला गंगेवर सुरू होई, सासू पुढे, या मागे, हातात कळशी. उजाडायच्या आत वर यायचं, कारण मग पुरुष स्नानाला येत. “पायऱ्या मोजायची सवय लागली,” त्या म्हणाल्या. “अंधारात पाय चुकायला नको ना.” चढून आल्यावर अंगीठी पेटवायची, यात्रेकरूंचा स्वयंपाक. घर उपाध्येपणाचं होतं, त्यामुळे महाराष्ट्रातून आलेली कुटुंबंच्या कुटुंबं उतरत. कुणी कोकम घेऊन येई, कुणी गोडा मसाला. त्या डब्यांच्या वासावरून माणसं देशावरची की कोकणातली हे आजींना कळे. भाषा मात्र हळूहळू बदलत गेली. मुलांशी मराठी, मोलकरणीशी बनारसी, आणि पुराबद्दल बोलताना कायम ‘बाढ’. मी उतरवताना तिथे ‘पूर’ लिहिलं होतं, ते त्यांनी वाचून खोडलं. “पूर तिकडे येतो, बाई. इकडे बाढ.”

ती बाढ 1978 ची. 9 सप्टेंबरला पाण्याची पातळी 73.901 मीटरवर गेली, आजवरची सर्वांत जास्त. धोक्याची रेषा 71.262 वर आहे. गल्ल्यांतून होड्या फिरत होत्या. आजींच्या घरात पाणी खालच्या चौकापर्यंत आलं. चूल पेटवण्याचा प्रश्नच नव्हता, यात्रेकरू नव्हते, आणि त्या भर दुपारी जिन्यात बसून राहिल्या. “वीस वर्षांत दुपारची गंगा निवांत बसून पहिल्यांदा पाहिली. तीच आली होती भेटायला.” पाणी ओसरल्यावरचा गाळ उपसायला मग पंधरा दिवस लागले, त्याबद्दल मात्र त्या रागानेच बोलल्या.

पुरुषांच्या आठवणीत ‘आज’ दैनिक येतं. त्याचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर काशीतल्या मराठी घरातले. त्यांचे मामा सखाराम गणेश देउस्कर देवघरजवळ वाढले आणि बंगालीत लिहीत. त्यांच्या ‘देशेर कथा’ (1904) या पुस्तकाचं हिंदी पराडकरांनी केलं. मराठी मामाचं बंगाली पुस्तक मराठी भाचा हिंदीत नेतो. अशी उदाहरणं आम्हाला वर्गात शिकवायला हवी होती. आम्ही तौलनिक साहित्य म्हणून पॅरिसबद्दल वाचत राहिलो.

राजा घाटावर मी एका वृद्ध मल्लाहाला विचारलं, राजा कोण होता. तो म्हणाला, खाऊ घालणारा कुणीतरी. मग शेजारच्या नारद घाटाकडे बोट करून त्याने बजावलं, तिथे नवऱ्याबरोबर स्नान करू नका, भांडण होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आजींच्या मुलाने, त्यांना मी दादाच म्हणते, माझ्या माहेरची वही काढली. काशीच्या उपाध्यांकडे गावागावाच्या वह्या असतात. यात्रेला कोण आलं, कुणाचा कोण, खाली सही. माझे आजोबा 1936 साली काशीयात्रा करून गेले होते. घरी मावंदं झालं, गंगेचे गडू वाटले, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आहे. नोंद मोडीत होती. मला मोडी येत नाही. चार भाषांची भाषांतरकार मी, आजोबांच्या सहीपुढे गप्प बसले. दादांनी वाचायला सुरुवात केली. आजोबा, आजी, थोरले काका, आजोबांची आई. ही चार नावं मला माहीत होती. मग दादा थांबले, वही उजेडाकडे धरली आणि पाचवं नाव वाचलं. त्यामागे ‘गं. भा.’ होतं.

गं. भा. म्हणजे गंगाभागीरथी. विधवेच्या नावामागे आपण ही अक्षरं इतकी वर्षं लिहिली, की त्यात नदी आहे हे विसरून गेलो. नाव आमच्या आडनावाचं, नातं ‘वहिनी’. मावंद्याच्या गोष्टीत परत आलेली माणसं कायम चारच होती. मी रात्री फोन करून आईला विचारलं. तिने हे नाव कधीच ऐकलं नव्हतं.

दादांनी वही फडक्यात बांधली. आजी आतून सगळं ऐकत होत्या. बाहेर येऊन त्यांनी एवढंच विचारलं, “कुठल्या घाटावर राहिली, ते लिहिलंय का?”

लिहिलेलं नव्हतं.